सुपरहिरोपटाचा शेवट पटला की फसला? निकाल देताना या चुका टाळा

सुपरहिरोचा चित्रपट सुटला की वाहनतळापर्यंत पोहोचण्याच्या आतच बहुतेकांचा निकाल तयार असतो. ‘शेवट गुंडाळला’, ‘शेवट पचनी पडला नाही’, ‘शेवटच्या अर्ध्या तासात पैसे वसूल झाले’ अशी वाक्ये जिना उतरताना कानांवर पडतात. ती खोटी नसतात, कारण प्रेक्षकाला जे वाटले ते वाटलेच. चूक होते ती त्या वाटण्याचे कारण सांगताना. शेवट दुःखद होता म्हणून वाईट, लढाई भव्य होती म्हणून चांगला, एखादा धागा सुटला म्हणून पटकथा ढिसाळ, अशी हाताला लागतील ती कारणे आपण जोडतो आणि ज्या चित्रपटाने आपल्याला खरोखर काही दिले त्यालाच नावे ठेवून बसतो. या चित्रप्रकारावर माझे मनापासून प्रेम आहे. त्याला पोरखेळ समजणे मला मान्य नाही, आणि म्हणूनच त्याच्या शेवटांची पारख नीट व्हावी असे मला वाटते.

हुरहूर आणि फसवणूक यांत गल्लत करणे

‘अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ 27 एप्रिल 2018 रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तो गच्च भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला. विश्वातील निम्मे जीव संपवायला निघालेल्या खलनायक थॅनोसने चुटकी वाजवली, एकेक नायक राख होऊन विरत गेला, टायटन ग्रहावर टोनी स्टार्कला (आयर्न मॅनला) बिलगलेला पीटर पार्करही (स्पायडर-मॅनही) त्याच्या हातांतून निसटला, आणि अखेरीस थॅनोस एका झोपडीबाहेर बसून शांतपणे सूर्योदय पाहू लागला. पडदा काळा झाला. माझ्या पुढच्या रांगेतील आठ-नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांकडे वळून विचारले, ‘बाबा, इंटरव्हल झाला का?’ मध्यंतर तासाभरापूर्वीच होऊन गेले होते. वडिलांना उत्तर सुचले नाही आणि ते मुलाचा हात धरून बराच वेळ तसेच बसून राहिले.

‘नायक हरले, गोष्ट अर्धवट सोडली, म्हणजे शेवट फसला’ असे त्या दिवशी अनेकांनी म्हटले. मात्र मराठीत याच प्रसंगासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. एक आहे हुरहूर: गोष्ट पूर्ण झाली, तरी मन तिच्यातून निघायला तयार नाही. दुसरी आहे फसवणूक: जे देऊ म्हणून सांगितले होते ते दिलेच नाही. ‘इन्फिनिटी वॉर’ नीट पाहिला तर ध्येय घेऊन निघणारा, अडथळे ओलांडणारा आणि त्यासाठी मुलगी गमोराचा बळी देणारा माणूस थॅनोस आहे. गोष्टीचा कर्ता तोच आहे. चुटकी वाजल्यानंतर लहानपणची गमोरा त्याला विचारते की या सगळ्याची किंमत काय मोजावी लागली, आणि तो उत्तरतो, ‘सर्वस्व’. त्याची गोष्ट तिथे संपते, पूर्ण संपते. आपण रडवेले झालो ते आपली माणसे त्या गोष्टीत हरणाऱ्या बाजूला होती म्हणून. याला मी हुरहूर म्हणेन, फसवणूक नव्हे.

आपली तक्रार यांपैकी कोणती आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दुसऱ्या दिवशी पात्रांची आठवण येत असेल तर हुरहूर. पात्रांऐवजी लेखकाचा राग येत असेल, तर मात्र शेवटात खरोखर काही बिघडले असण्याची शक्यता आहे.

चित्रपटाने काय विचारले होते हे न पाहणे

ही चूक मला सर्वांत मोठी वाटते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याचे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत बीज पेरले जाते आणि निर्वहणात विखुरलेले सर्व अर्थ एकत्र येऊन फळापर्यंत पोहोचतात. निर्वहणात अद्भुत रस असावा, असेही भरत सांगतो. उडणारी माणसे आणि बोलणारी चिलखते यांच्या चित्रपटाला याहून चपखल कसोटी मला माहीत नाही. अद्भुत तर हे चित्रपट भरभरून देतातच, तेव्हा पाहायचे ते एवढेच की शेवटी आलेले फळ सुरुवातीला पेरलेल्या बीजाचे आहे का.

‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ (2021) घ्या. पीटर पार्कर हाच स्पायडर-मॅन आहे हे जगाला कळले आहे आणि ते सर्वांनी विसरावे, असा मंत्र टाकण्याची विनंती तो जादूगार डॉक्टर स्ट्रेंजला करतो. मंत्र सुरू होताच त्याला एकेक माणूस आठवू लागतो: प्रेयसी एमजेने विसरू नये, मित्र नेडने विसरू नये, मे काकूने विसरू नये. या अपवादांच्या घोळात मंत्र बिघडतो आणि सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच चित्रपटाने विचारले आहे की या मुलाला हवे ते मिळावे, पण त्याचे मोल त्याने देऊ नये, हे चालेल का? शेवटी मे काकू हयात नाही आणि पीटर स्वतःहून सांगतो की सर्वांनाच, एकही अपवाद न करता, माझा विसर पडू दे.

मग तो प्रसंग येतो, जो मी अनेकदा थांबवून पाहिला आहे. पीटर एमजेच्या दुकानात जातो. काय बोलायचे ते त्याने कागदावर लिहून आणले आहे. ती अनोळखी गिऱ्हाईकाशी बोलावे तशी त्याच्याशी बोलते. तिच्या कपाळावर लहानशी पट्टी आहे, लढाईत लागलेल्या जखमेची. तो ती पट्टी पाहतो, आणि कागद न वाचताच कॉफी घेऊन बाहेर पडतो. कुठेही स्फोट नाही, कुणी ओरडत नाही, पण सुरुवातीला जे अपवाद त्याला सोडवत नव्हते त्यांतील एक त्याने आपल्या हाताने सोडून दिलेला आपण पाहतो. हा शेवट उदास आहे आणि पूर्णपणे समाधान देणारा आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

‘अव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये (2019) असेच एक बीज अकरा वर्षे आधी पेरलेले होते. ‘आयर्न मॅन’च्या (2008) अखेरीस पत्रकार परिषदेत ‘मीच आयर्न मॅन’ असे सांगणारा टोनी स्टार्क स्वतःवर खूश असलेला माणूस आहे; ‘एंडगेम’मध्ये तेच शब्द उच्चारून तो प्राण देतो. हे वाक्य मूळ पटकथेत नव्हते. संकलक जेफ फोर्ड यांनी ते सुचवले आणि नंतरच्या पुनर्चित्रीकरणात ते टिपले गेले. कथा लिहिणाऱ्या वाचकांनी ही बाब जरूर ध्यानात ठेवावी: शेवट अडला असेल तर नवी कल्पना शोधण्याआधी आपलीच पहिली पाने पुन्हा वाचावीत. अंत्यविधीनंतर टोनीची लहान मुलगी चीजबर्गर मागते, तेव्हा तीन महिन्यांच्या कैदेतून सुटून मायदेशी परतलेल्या तिच्या बापाने पहिल्या चित्रपटात हेच मागितले होते, हे आठवून प्रेक्षकांचा गळा दाटतो. तिला ते माहीत नाही, आपल्याला आहे.

कोडे सुटले नाही म्हणून शेवट नाकारणे

‘एंडगेम’चा स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, भूतकाळात राहून म्हातारा होऊन परततो. तो याच काळप्रवाहात जगला की वेगळ्या, यावर दिग्दर्शक रुसो बंधू आणि पटकथाकार ख्रिस्तोफर मार्कस व स्टीफन मॅकफीली यांनी परस्परविरोधी स्पष्टीकरणे दिली आहेत. अनेकांनी यावरून शेवट निकालात काढला. मला हा आक्षेप दुय्यम वाटतो, कारण त्याच्या 2011 च्या पहिल्या चित्रपटात प्रेयसी पेगीसोबतचे नृत्य हुकल्याची जी खंत पेरली होती तिला उत्तर देण्यासाठी काळाचे गणित बिनचूक असण्याची गरज नाही. त्याच शेवटावरचा दुसरा एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो. स्टीव्ह ‘एंडगेम’मध्येच आधारगटात बसून लोकांना पुढे चला म्हणून सांगतो, मग तोच मागे का जातो? इथे तक्रार गणिताची नसून माणसाची आहे. आपला आक्षेप या दोहोंपैकी कोणता हे तपासून घ्यावे. पहिला वाद घालण्यापुरता ठीक आहे, दुसरा शेवटाच्या मुळाशी जातो.

लढाईच्या आकाराला उत्कर्षबिंदू समजणे

आकाशातून यंत्रे कोसळताहेत, इमारती ढासळताहेत, आणि आपण घड्याळ पाहतो आहोत, हा अनुभव प्रत्येकाला आलेला असतो. ‘वंडर वुमन’ (2017) पहिल्या महायुद्धातील खंदकांमध्ये इतका जिवंत आहे, पण शेवटी युद्धदेव एरिसशी होणारे विजांचे द्वंद्व कुठल्याही चित्रपटात चालले असते असे वाटते. मनात राहतो तो विषारी वायूने भरलेले विमान घेऊन एकटा उडालेला नायिकेचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर.

उलट ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा (2016) शेवट आठवून पाहा. हाँगकाँगचे मोडलेले रस्ते काळ उलटा फिरल्यामुळे पुन्हा उभे राहत आहेत आणि नायक महाशक्तिशाली खलनायक डोरमामूसमोर जाऊन एकच वाक्य म्हणतो की तो सौदा करायला आला आहे. डोरमामू त्याला मारतो. तो पुन्हा येतो, तेच वाक्य म्हणतो, पुन्हा मरतो. अपयशाच्या भीतीने पछाडलेला शल्यविशारद म्हणून ज्याची ओळख झाली, तो असंख्य वेळा हरत राहून जिंकतो. ‘द डार्क नाइट’मध्येही (2008) श्वास रोखून धरायला लावणारी जागा म्हणजे दोन बोटी, प्रत्येकीवर दुसरी बोट उडवून देणारी एक कळ, आणि आपल्या बोटीवरची कळ खिडकीबाहेर फेकून देणारा कैदी. तिथे सुपरहिरो हजरसुद्धा नाही.

मोजलेली किंमत पुसून टाकणे

ही चूक बहुतांशी लेखकांची असते, पण प्रेक्षकाने ती ओळखायला शिकले पाहिजे. रिचर्ड डॉनर यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये (1978) नायकाची प्रेयसी लोइस लेन भूकंपात मरते, सुपरमॅन पृथ्वीभोवती वेगाने फिरून काळ मागे नेतो आणि ती जिवंत होते. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता. दृश्य विलक्षण आहे आणि लहानपणी मीही टाळ्या वाजवल्या. मात्र एवढे सामर्थ्य असताना वडील जोनाथन केंट यांना वाचवता आले नाही, ही खंत चित्रपटाने आधी इतकी खोल रुजवली होती की मृत्यूच उलटवता येतो म्हटल्यावर तिचे काय करायचे, हे प्रेक्षकाला समजत नाही. लोइसला तर काही घडल्याचेही आठवत नाही.

‘मॅन ऑफ स्टील’मध्ये (2013) अडचण वेगळी आहे. सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो आणि आक्रोश करतो. या हत्येवर पुष्कळ वाद झाला, पण माझ्या मते दोष हत्येत नसून तिच्या आजूबाजूला आहे. हा माणूस जीव घेणार नाही असे सांगणारा ठसठशीत प्रसंग आधी नाही, आणि त्या आक्रोशानंतर लगेच टेहळणी ड्रोन पाडण्याचा हलकाफुलका प्रसंग येतो. किंमत मोजली, पण ती जाणवायला उसंत दिली नाही. ‘मला तो शेवट विचित्र वाटला, का ते सांगता येत नाही’ असे वाटले, तर शेवटच्या मोठ्या घटनेनंतरची पाच मिनिटे पुन्हा पाहावीत. बिघाड पुष्कळदा तिथे सापडतो.

गल्ल्यावरून किंवा पहिल्या रात्रीवरून ठरवणे

अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. ‘इन्फिनिटी वॉर’ला ए मिळाली, ‘एंडगेम’ला ए प्लस. ही माहिती उपयोगी आहे, पण ती चित्रपटगृहाच्या दारातली आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी एकदा 60 सेकंद थंडगार पाण्यात हात धरला आणि एकदा तसेच 60 सेकंद, अधिक किंचित कमी थंड पाण्यात आणखी 30 सेकंद. कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. अखेरची काही मिनिटे संपूर्ण आठवणीला रंग देतात. म्हणून चांगल्या शेवटाने सामान्य चित्रपट तरतो हेही खरे, आणि शेवटाची गोडी चित्रपटाच्या गुणांवर लादली जाते हेही खरे. आठवड्याने काय आठवते, ते माझ्या दृष्टीने अधिक विश्वसनीय.

श्रेयनामावलीनंतरच्या तुकड्याला शेवट मानणे

पुढच्या भागाची जाहिरात आणि या भागाचा शेवट वेगवेगळे असतात. तो तुकडा आवडला नाही म्हणून चित्रपटाचे गुण कापू नयेत, आणि आवडला म्हणून वाढवूही नयेत. ‘स्पायडर-मॅन 2’ (2004) कुठे संपतो ते पाहण्यासारखे आहे: लग्नमंडप सोडून आलेली मेरी जेन पीटरला हसून निरोप देते, तो खिडकीतून झेपावतो, आणि कॅमेरा अखेरीस तिच्या चेहऱ्यावर परततो, जिथे हसू मावळून काळजी उमटते. पुढची सगळी गोष्ट त्या चेहऱ्यात आहे.

‘एंडगेम’ने तर असा तुकडा ठेवलाच नाही. लांबलचक नामावलीसह 181 मिनिटे संपताना फक्त हातोड्याचे ठोके ऐकू येतात, अफगाणिस्तानातील गुहेत टोनी स्टार्क पहिले चिलखत ठोकत होता तसे. मी पाहिलेल्या खेळात तोपर्यंत दिवे लागले होते, दारे उघडली होती आणि सफाई कामगार मधल्या रांगांपर्यंत आले होते.