घट्ट खीर पातळ करणारं चमचाभर पीठ

बाळाची नाचणीची खीर निवता निवता गोळा होते. मग आपण पाणी ओततो, आणि पोट भरतं ते पाण्यानंच. त्यापेक्षा मोड आलेल्या गव्हाचं पीठ डब्यात ठेवा.

नागपूरच्या इतवारी बाजारातून खायचा गहू आणा. बियाण्याचा नको, त्याला औषध चोळलेलं असतं. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधा. थंडीत मोडाला वेळ लागतो. नागपूरच्या मे महिन्यात लवकर येतो, पण फडकं दोनदा धुतलं नाही तर आंबूस वास सुटलाच म्हणून समजा.

मोड आलेला दाणा चावून पाहा, गोडसर लागतो. अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे सालीखालचा थर अमायलेज हे विकर (एन्झाइम) बनवतो, आणि ते खीर घट्ट करणाऱ्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. त्यातून माल्टोज ही साखर मिळते.

दाणे वाळवून दळा. खमंग भाजायचा मोह आवरा, जास्त उष्णतेनं अमायलेज मरतं. उकळत्या खिरीत पीठ टाकूनही तेच होतं. गॅस बंद करा, बुडबुडे थांबू द्या, खीर ६५-७० अंशांवर आली की वाटीभर खिरीत चमचाभर पीठ ढवळा. थोड्याच वेळात पळीवरून धार लागते! मग एक उकळी काढा, कारण पीठ कच्चं असतं.

ज्वारीला मात्र मोड आणू नका. तिच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गहू सोसत नसेल तर नाचणीलाच मोड आणा.