गेम मास्टरला किती सांगायचं, किती सोडायचं: स्वतःचं पान लिहायची पद्धत

गणपतीत कोकणातल्या घरात पंधरावीस माणसं असतात, आरती-जेवणं उरकली की बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि मग आम्ही पाचसहा जण पडवीत बसून टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो. म्हणजे एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं, आणि अडलं तिथे फासे.

दोन वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ पहिल्यांदा गेम मास्टर झाला. आठवडाभर त्याने जाडजूड पुस्तक वाचलं होतं, राजघराण्यांचा इतिहास पाठ होता, आणि खेळ सुरू झाल्यावर तिसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विचारलं, "तांडेल खंय गेलो? त्याच्या घराकडे कोण आसा?" हे पुस्तकात नव्हतं. तो बॅटरीच्या उजेडात पानं उलटत राहिला, पोरं एकेक करून मोबाईलमध्ये गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती. न लिहिलेलं कुणी विचारलं तर काय करायचं, हे त्या पुस्तकात एका ओळीतसुद्धा नव्हतं. तेव्हापासून कुठलाही खेळ असो, मी गेम मास्टरसाठी वेगळं पान लिहितो. ते कसं लिहायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी पहिली दहा मिनिटं शब्दन् शब्द लिहा. आपल्याकडचा दशावतार आठवा. लिहिलेली संहिता नसते, आख्यान कुठलं आणि कुणाचा प्रवेश कधी एवढं आधी बोलून घेतात आणि संवाद तिथल्या तिथे सुचत जातात, पण सुरुवातीचा आडदशावतार, तो गणपती, तो संकासुर, तो मात्र ठरलेला. म्हणजे सुरुवात घट्ट बांधलेली, पुढचं मोकळं. नवीन गेम मास्टरला हेच लागतं. माझ्या पानावर असं आहे: "नारळी पौर्णिमेची आदली रात्र. पावसाळाभर नारळाच्या झापांखाली झाकून ठेवलेली तुमची होडी जागेवर नाही. झापं मात्र बाजूला नीट रचून ठेवलीत. तुम्ही काय करता?" शेवटचं वाक्य प्रश्नच असू दे, म्हणजे चेंडू लगेच खेळणाऱ्यांकडे जातो.

दुसरं, फासे पडल्यावर काय बोलायचं ते लिहा. इथे सगळ्यात जास्त जागा द्या, पुस्तकं नेमकी इथेच हात आखडतात. आम्ही दोन साधे फासे वापरतो, बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आली तर अडचण वाढते. आता हिशोब बघा. दोन फाशांचे ३६ प्रकार, त्यात १० किंवा जास्त फक्त ६ वेळा, ७ ते ९ येतात १५ वेळा आणि ६ किंवा कमी पण १५ वेळा. म्हणजे ३६ पैकी ३० वेळा गेम मास्टरला ऐनवेळी काहीतरी सुचवावं लागणार! आणि पुस्तक म्हणतं "योग्य तो परिणाम ठरवा". अरे, पण कसा? म्हणून मी परिणामांच्या दहा ओळी तयारच देतो, जसं की: भरती चढायला लागली, कुणीतरी तुम्हाला बघितलं, दोर तुटला, कंदील विझला, ज्याला टाळत होता तोच समोर आला. अडला की त्याने यातली एक उचलायची आणि पुढे जायचं. "नाही जमलं" एवढंच बोलून कधी थांबायचं नाही, हे पण ठळक लिहा.

रहस्य असेल तर एक माहिती तीन ठिकाणी ठेवा. सापडायची शक्यता निम्मी असेल आणि खूण एकच असेल तर निम्म्या वेळा गोष्ट तिथेच अडकते, तीन असतील तर तिन्ही हुकण्याची शक्यता आठात एक. आमच्या गोष्टीतली होडी धाकट्या काकांनी कर्जापायी दिलेली असते. खुणा तीन: नीट रचलेली झापं (म्हणजे घरातलाच हात), होडी ढकलताना खाली घातलेल्या ओंडक्यांच्या वाळूत खाडीकडे गेलेल्या खुणा, आणि चहावाल्याकडची काकांची सगळी उधारी आजच फिटलेली.

माणसांबद्दल मात्र एकेकच ओळ. प्रत्येकाला आत्ता काय हवंय तेवढं. "चहावाला: काकांचं नाव आपल्या तोंडून यायला नको." एवढ्यावर तो माणूस तासभर बोलू शकतो, त्याच्या आजोबांचा इतिहास कशाला हवा.

शेवट लिहू नका, संवादही नकोत. आणि "सर्वांना आनंद मिळेल असं बघा" असली वाक्यं काढून टाका, त्यांच्यावरून टेबलावर काय करायचं ते काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा, "जो बराच वेळ गप्प आहे त्याला नाव घेऊन विचार, तू काय करतोयस?"

लोक म्हणतात अनुभवी माणसाला एवढं लागत नाही. खरंय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हा तीन छोट्या पुस्तिका होत्या, युद्धाचे खेळ आधीपासून खेळणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या. १९७९ मध्ये गेम मास्टरसाठी दोनशेहून जास्त पानांचं वेगळं पुस्तक काढावं लागलं. माझं मत असं की नवख्यासाठीच लिहावं, अनुभवी माणूस त्याला नको ते सोडून देतो, पण नवख्याला नसलेलं पान कुठून आणायचं ते कळत नाही. आणि पानं वाढवायची तर ती टेबलावर काय करायचं यासाठी वाढवा, राजांच्या वंशावळींसाठी नको.

मग चाचणी. ज्याने हा खेळ बघितलेला नाही त्याच्या हातात पान द्या आणि तुम्ही शेजारी बसून तोंड बंद ठेवा. हे फार कठीण जातं, पण मदत केलीत तर चाचणी फुकट. तो कुठे अडला, काय शोधत होता ते वहीत टिपा, तिथे ओळी वाढवा. ज्या भागाकडे त्याने बघितलंच नाही तो कापा.

गेल्या गणपतीत मी पान मावसबहिणीला दिलं, तिने याआधी कधीच गेम चालवला नव्हता. तीन तास तिने ओढून नेलं, अडली एकदाच. काकाच शोधणाऱ्यांना येऊन मिळाले आणि म्हणाले मीपण शोधतो. तिने माझ्याकडे बघितलं, मी गप्प. मग तिने पानावर बोट फिरवलं, "भरती चढायला लागली" उचललं आणि सगळ्यांना काकांसकट खाडीच्या मधोमध अडकवलं. नंतर त्या पानावर काकांच्या नावापुढे मी पेन्सिलने लिहिलं, "हवंय: होडी सापडावी, पण मी सोबत असताना."