दुनळी ओळखायची तर नळ्या उलट्या करा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या वाड्याची वाटणी निघते, तेव्हा जमीन आणि दागिन्यांची यादी आधीच झालेली असते. कातडी पेटीतली आजोबांची बारा बोरची दुनळी बंदूक शेवटी बाहेर येते. सगळे आधी नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव वाचतात. तिथं ‘मँटन, कलकत्ता’ किंवा ‘रॉडा, कलकत्ता’ असं कोरलेलं दिसलं की कुणीतरी लाखांचा आकडा बोलून मोकळा होतो. हे नाव बहुधा विकणाऱ्या दुकानाचं असतं. (रॉडा म्हणजे तीच पेढी, जिची माउझर पिस्तुलं २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली.) अशा पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार व्हायच्या आणि दुकानदार सांगेल ते नाव वर कोरलं जायचं. बंदूक कोणी आणि कधी केली ते नळ्यांच्या पोटाशी लिहिलेलं असतं.

हात लावण्याआधी कागद बघा. परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. पाहणी विक्रेत्याच्या दुकानातच केलेली बरी. ‘शंभर वर्षं जुनी आहे, परवाना कशाला?’ हे घरोघरी ऐकू येतं, पण ते चूक आहे. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा शस्त्रालाच आहे, आणि शंभर वर्षांची दुनळी सहसा उत्तम चालते. शंभरी ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

सोबत भिंग, टॉर्च, व्हर्नियर, सुती फडकं, पातळ तेल आणि थोडी खडूची पूड एवढं पुरे. पेचकस घरीच ठेवा, कारण पुढे सांगतो.

वरची कळ उजवीकडे ढकलून बंदूक उघडा आणि दोन्ही चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या जागेत, बोट घालून बघा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. काळं पडून आत अडकलेलं काडतूस अर्ध्या उजेडात रिकाम्या भोकासारखंच दिसतं. आता बंदूक बंद करून पुढचं लाकूड काढा. टोकाला गोल बटण असेल तर ते दाबून लाकूड खाली घ्या, ही अॅन्सनची पद्धत. मधोमध पोलादी कळ असेल तर ती ओढा, ती डीली-एजची. दोन्ही नसेल तर लाकूड नुसत्या स्प्रिंगवर बसलेलं असतं, टोकाशी धरून खेचलं की सुटतं. घोडेवाल्या फार जुन्या बंदुकीत आडवी चपटी खीळ सापडेल. ती अंगठ्यानं ढकलायची, हातोडीनं कधीच नाही. मग पुन्हा उघडून नळ्या सोडवा आणि उलट्या करून फडक्यावर ठेवा.

चेंबरखाली दोन सपाट जागा दिसतील. त्यांवर तेलाचा हलका हात फिरवा, वरून खडूची पूड चोळून पुसा आणि टॉर्च आडवा धरा. ठशांत पांढरी पूड राहते आणि झिजलेली अक्षरंही वाचता येतात. स्टील वूल किंवा आम्ल इथं वापरलं तर पुरावाच घासून जातो.

नळी दारूचा दाब सोसते हे तपासून तपासणीघर तसा ठसा मारतं. लंडनची खूण म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जी-पी ही अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ च्या कायद्यानं सुरू झालं. १९०४ पर्यंत त्याची खूण मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड, त्यानंतर मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही. लंबगोलात ईएलजी असेल तर बंदूक बेल्जियमच्या लीएजची, आणि लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. पट्टीवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ आणि पोटाशी ईएलजी हा जोड पुष्कळ सापडतो. नामांकित ब्रिटिश पेढी वेस्टली रिचर्ड्सच्या नावाशी साधर्म्य साधून खपवलेला तो स्वस्त बेल्जियन माल आहे.

‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द असतील तर नळी चोक असलेली, म्हणजे तोंडाशी थोडी अरुंद, आणि १८७५ ते १८८७ मधली. तिरपा चौकोन आणि त्यात १२ व सी असेल तर १८८७ नंतरची. एनपी दिसलं, लंडनच्या बाबतीत वर तलवार धरलेला हात आणि बर्मिंगहॅमच्या बाबतीत मुकुट, तर नळी आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. १९०४ च्या आधीच्या काही बंदुकांवर हेच ‘नायट्रो प्रूफ’ असं पूर्ण शब्दांत येतं. एनपी किंवा ‘नायट्रो प्रूफ’ यातलं काहीच नसेल तर तपासणी काळ्या दारूच्या दाबाला झाली आहे, आणि आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. नळ्यांवर दमास्कसची वळणदार नक्षी असेल तर हा नियम दुप्पट पाळा.

‘१३ बाय १’ असा ठसा बघून बंदूक तेरा बोरची समजू नका. बोर म्हणजे एक पौंड शिशातून नळीत बसतील अशा किती गोळ्या होतात तो आकडा; बाराचा व्यास ०.७२९ इंच. ‘१३ बाय १’ म्हणजे ०.७१९ इंच, म्हणजे बारा बोरच, नळी थोडी घट्ट ठेवलेली. नळीच्या मागच्या टोकापासून ९ इंचांवर नळी मोजतात. ठशापेक्षा ती ठळकपणे मोठी भरली तर आतून घासून गंज काढलेला आहे आणि भिंत तेवढी पातळ झाली आहे.

सगळ्यांत जास्त नुकसान चेंबरच्या लांबीत होतं. जुन्या ब्रिटिश दुनळीचं चेंबर बहुधा अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी असतं. आज दुकानात मिळणारं काडतूस सहसा ७० मिमीचं. गंमत अशी की ते आत व्यवस्थित बसतं, बंदूकही बंद होते. काडतुसावरची लांबी उडाल्यानंतरची असते. दुमडलेलं तोंड उलगडायला पुढं जागा लागते. जागा नसली की कागद किंवा प्लास्टिक निमुळत्या भागात घुसतं, तोंड अरुंद होतं आणि दाब चढतो. टॉर्चनं नळीत पाहिलं की चेंबर संपतं तिथं एक बारीक कडं दिसतं. तिथपर्यंत व्हर्नियरची खोलीपट्टी घालून मोजा.

आता मुख्य यंत्राकडे, म्हणजे बार उडवणाऱ्या लॉककडे. लाकडाच्या दोन्ही बाजूंना लांबट पोलादी पत्रे असतील तर साइडलॉक, नसतील तर बहुधा बॉक्सलॉक. बॉक्सलॉकचा ढाचा अॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्समध्ये घडवला, आणि पुढं जगभर त्याच्या नकला निघाल्या. फसवणूक इथंही आहे: बॉक्सलॉकवर शोभेचे पत्रे बसवतात. खऱ्या साइडलॉकच्या पत्र्यावर आतले भाग धरणाऱ्या पिनांची, म्हणजे स्क्रूंची, डोकी दिसतात, शोभेच्या पत्र्यावर ती नसतात. लंडनच्या पर्डी पेढीची (स्थापना १८१४) दुनळी कळ दाबताच स्वतःहून उघडते. ती किमया फ्रेडरिक बीझलीच्या १८८० च्या पेटंटची. वेस्टली रिचर्ड्सच्या १८९७ च्या प्रकारात खालची पट्टी उघडली की दोन्ही लॉक हातानं बाहेर येतात. ग्रीनरची ओळख मागच्या आडव्या गोल खिटीवरून, आणि पुष्कळदा सेफ्टी दस्त्याच्या डाव्या बाजूला असते. हॉलंड अँड हॉलंडच्या ‘रॉयल’वर डाव्या पत्र्याला छोटी हातकळ असेल तर लॉक हातानं सुटणारं आहे.

पट्टीवर किंवा कळेवर सोन्यात १ किंवा २ दिसला तर ती जोडीतली एक. आमच्याकडे सरदारांच्या घरांत जोडी भावांत वाटली गेली, एक लष्करात आणि दुसरी पुण्याला, असं बऱ्याचदा निघतं. जोडीची किंमत दोघींच्या बेरजेहून जास्त असते, तेव्हा आधी चुलतभावाला फोन करा.

नळ्यांच्या तोंडाशीही बघा. मूळ नळ्या टोकाला एकमेकींना टेकलेल्या असतात. मधे फट आणि त्यात शिशाचा बुच असेल तर नळ्या कापल्या आहेत आणि चोक गेला आहे. रॉबर्ट चर्चिलच्या २५ इंची बंदुका मुळातच आखूड होत्या, त्यांच्याशी गल्लत करू नका. परवान्याशिवाय नळी कापणं हा गुन्हाही आहे.

नळ्या मागच्या हुकाला बोटानं लटकवून टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर पट्टी घट्ट आहे. खरखर झाली तर झाळ सुटली. मग पुढचं लाकूड न लावता नळ्या ढाच्यावर बसवून उजेडाकडे धरा. मागच्या भिंतीशी उजेडाची रेघ दिसली किंवा हलवताना खटखट झाली तर बंदूक सैल आहे. रिकामा चाप ओढू नका, फायरिंग पिन तुटते.

पेचकस का नको? चांगल्या बंदुकीच्या पिनांच्या खाचा कागदाइतक्या बारीक आणि सगळ्या बंदुकीच्या लांबीला समांतर असतात. बाजारातल्या पेचकसानं त्यांच्या कडा चुरगाळतात. खाच वाकडी किंवा रुंद दिसली तर कुणीतरी आधी हात घातला आहे आणि किंमत तेवढी उतरली.

परवान्यावर ‘१२ बोर डीबीबीएल (मागून भरायची दुनळी), क्रमांक अमुक’ असं असतं. चाप-पट्टीच्या शेपटीवरचा, नळ्यांवरचा आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा क्रमांक एकच हवा. लिहून घेणारा कधीकधी पेटंटचा किंवा बोरचा आकडाच क्रमांक समजून टिपतो. तो वारसाच्या अर्जाआधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीत ठाण्यात जमा करताना पावती जुळत नाही.

परवाना वारसाच्या नावावर झाल्यावर ठेवण्याचा प्रश्न उरतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दस्ता सुकून आक्रसतो आणि ऑगस्टात फुगतो, म्हणून उन्हाळ्यात सैल वाटणाऱ्या पिना लगेच आवळू नका. कातडी पेटीत बंदूक वर्षभर ठेवणं सगळ्यांत वाईट. कमावलेलं कातडं ओल धरतं, आणि जिथं टेकतं तिथं पोलादावर पुरळासारखा गंज येतो. पेटी वेगळी ठेवा, बंदूक तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा, नळ्यांचं तोंड खाली. तेल मग लाकडात न मुरता तोंडाकडून निथळतं.