घराचं काम झाल्यावर गटाराचा वास येतोय? उगम असा शोधा

नवी फरशी, नवं बेसिन, ताजा रंग, आणि तरीही बाथरूमचं दार उघडलं की गटाराचा भपकारा. अशा वेळी फिनाइल ओतू नका आणि सुगंधी फवारेही मारू नका. उगमापर्यंत नेणारा माग म्हणजे हा वासच. तो झाकला की शोध लांबतो. फरशी फोडायची घाई तर मुळीच नको.

आधी खात्री करा की हा वास स्वयंपाकाच्या गॅसचा नाही, कारण दोन्ही वासांत गल्लत होऊ शकते. शंका आली तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि गॅसवाल्यांना बोलवा. गटारातल्या हवेतही पेट घेणारा मिथेन असू शकतो. म्हणून शोधताना काडी, मेणबत्ती, उदबत्ती काहीही पेटवू नये.

सिंक, बेसिन, नहाणी (म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड), कमोड या सगळ्यांत ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून ठेवणारा वाकडा भाग, असतो. त्याच्या वाकात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं आणि गटारातली हवा अडवतं. वास येतो तेव्हा एक तर ते पाणी नाहीसं झालेलं असतं, नाहीतर हवेला त्याला वळसा घालून यायला वाट सापडलेली असते.

पहिलं काम सोपं आहे. घरातल्या प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओता. काम चालू असताना बाथरूम आठवडेच्या आठवडे वापरात नसतं आणि ट्रॅप सुकतात. दुसऱ्या दिवशी वास गेला असेल तर प्रश्न मिटला. क्वचित वापरल्या जाणाऱ्या नहाणीत पाण्यावर दोन-तीन चमचे खाद्यतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही.

मग नहाणीची जाळी उचलून आत बघा. काही ट्रॅपमध्ये काढता येणारी वाटी असते. राडारोडा धुताना ती बाजूला काढली जाते आणि परत बसवायची राहून जाते. वाटी नसेल तर पाणी कितीही ओता, हवा अडणार नाही. तळाशी सिमेंट किंवा ग्राउट घट्ट बसलं असेल तर तेही काढून घ्या.

आता आठवा, कामात काय काय हललं? माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बेसिन सरकलं, वॉशिंग मशीनची जागा बदलली, कमोड दुसऱ्या भिंतीला गेला, तर जुन्या पाइपाचं तोंड कुठे गेलं? तिथे कॅप चिकटवलेली हवी. काम चालू असताना कचरा जाऊ नये म्हणून तोंडात चिंधी किंवा गोणपाट कोंबतात आणि वरून कपाट उभं राहतं. मिस्त्रीला नेमकं तोंड दाखवायला सांगा. सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथली चकती सरकवून पाहा. मोठ्या पाइपात बारीक पाइप नुसता खोचलेला असेल, तर भोवतीच्या फटीतून हवा थेट वर येते. तिथे रबरी रिंग लागते. वॉशिंग मशीनची नळी आणि एसीच्या पाण्याचा पाइप ट्रॅपशिवाय थेट गटाराच्या लाइनमध्ये तर सोडला नाही ना, तेही तपासा.

एवढ्यावर सापडलं नाही, तर एकेक तोंड वगळत जा. एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा; तो खोलीतली हवा ओढतो आणि तिच्या जागी गटारातली हवा वर खेचू शकतो. रात्री प्रत्येक तोंडावर प्लास्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद करा, कमोडचं भांडंही झाका. सकाळी थोडा वेळ मोकळ्या हवेत थांबून मगच आत या, कारण वासात राहून नाकाला त्याची सवय होते. एकेक प्लास्टिक थोडं उचलून हुंगा. सगळं झाकलेलं असूनही खोलीत वास असेल, तर फट भिंतीत, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा कमोडच्या मागच्या जोडात आहे. कमोड हलतो का, हे हाताने दाबून पाहा.

फ्लश केल्यावर बेसिन गुडगुडत असेल तर व्हेंट पाइपावर, म्हणजे गटाराच्या लाइनमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या पाइपावर, संशय घ्या. तो गच्चीवर मोकळा असायला हवा. कामात तो कापून छताखालीच सोडला गेला किंवा तोंडाशी बुजला, तर फ्लशच्या झोताबरोबर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं.

तरीही माग लागला नाही, तर प्लंबरकडून धुराची चाचणी करून घ्या. ट्रॅप भरून ठेवायचे आणि यंत्राने लाइनमध्ये निरुपद्रवी धूर सोडायचा. जिथून धूर निघेल तिथेच फट. फोडायचंच झालं तर तेवढीच जागा फोडा, आणि दुरुस्त केलेला जोड बुजवण्याआधी त्याची पुन्हा चाचणी घेऊन फोटो काढून ठेवा.