हापूसच्या कलमाची छाटणी कशासाठी करावी

कोकणातला बागायतदार धरत्या कलमाला करवत लावायला सहसा तयार होत नाही, कारण तोडलेल्या फांदीबरोबर पुढच्या मोहोराची जागा गेली असे त्याला वाटते. ही भीती निराधार नाही, कारण मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. म्हणूनच कोणती फांदी कोणत्या कारणासाठी काढायची, हे झाडाखाली उभे राहून आधी ठरवावे.

सर्वांत मोठे कारण उन्हाचे आहे. रत्नागिरी-देवगडच्या अनेक जुन्या बागांत दहा-दहा मीटरवर लावलेली कलमे आता एकमेकांत शिरली आहेत. आतल्या काड्यांना ऊन मिळत नाही, मोहोर माथ्यावर आणि घेराच्या बाहेरच्या अंगालाच येतो, आणि आतल्या दमट सावलीत तुडतुडे ही कीड व करपा हा बुरशीजन्य रोग बळावतात. फवारणीही तेथपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे औषधाचा खर्च वाढूनही मोहोर वाचत नाही. अशा झाडात मध्यभागी सरळ वर गेलेली फांदी तिच्या उगमापासून काढावी, मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि सुकलेल्या फांद्या काढाव्यात. जमिनीवर ठिकठिकाणी कवडसे पडू लागले की थांबावे. त्याहून अधिक तोडण्याचा मोह आवरावा.

दुसरे कारण बांडगूळ. पक्ष्यांमार्फत पसरणारे त्याचे चिकट बी फांदीवर रुजते आणि फांदीतले पाणी व अन्नद्रव्ये ओढून घेते, त्यामुळे पुढचा भाग हळूहळू वाळतो. त्याचे नुसते शेंडे ओरबाडले तर ते पुन्हा फुटते. म्हणून ते फांदीला जेथे चिकटले आहे त्या जागेच्या बरेच खाली, निरोगी लाकडात फांदी कापावी, आणि हे काम त्याची फळे पिकण्यापूर्वी करावे. शेजारच्या बागेतले बांडगूळही त्याच वेळी निघाले, तरच या कष्टाचा खरा उपयोग होतो.

उंची आटोक्यात राहिली तर झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, काढणी सोपी होते आणि गड्याला धोकादायक टोकापर्यंत चढावे लागत नाही. जून 2020 मधील निसर्ग आणि मे 2021 मधील तौक्ते या चक्रीवादळांत किनारपट्टीवरील असंख्य झाडे मोडली, उन्मळली. छाटणीने वादळ टळत नाही. पण विरळ घेरातून वारा निघून जातो आणि खोडावरचा ताण कमी होतो.

हलकी छाटणी काढणी आटोपताच, पावसाचा जोर वाढण्यापूर्वी करावी. जुन्या झाडाची भारी छाटणी मात्र पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. तिच्यानंतर दोन-तीन वर्षे उत्पन्न बुडते, म्हणून सगळी बाग एकदम न छाटता टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि नव्या फुटव्यांची विरळणी करून जोमदार तेवढे ठेवावेत.

जाड फांदीला आधी खालून थोडा काप द्यावा, नंतर त्याच्या किंचित पुढे वरून कापावे, म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाही; उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाच्या फुगीर कड्याला न दुखवता काढावा. काप तिरका ठेवावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, जखमेवर त्याच दिवशी लावावी. पुढे काही महिने खोडातून भुसा पडतो का, हे पाहत राहावे, कारण खोडकिडा ताज्या जखमेकडे ओढला जातो. वीजवाहिनीजवळची फांदी स्वतः तोडू नये. वीज कार्यालयाला कळवून प्रवाह बंद झाल्यानंतरच तिला हात लावावा.