वाढीव वॉरंटीचे पैसे परत मिळाले

इंदिरानगरच्या घरी नव्या गाडीची कागदपत्रे फाईलला लावताना मला बिलात वाढीव वॉरंटीचे १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १४,१६० रुपये दिसले. ही रक्कम ऐच्छिक असल्याचे विक्रेत्याने आम्हाला सांगितलेच नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

शोरूममध्ये तोंडी विचारल्यावर "आता काही होणार नाही" असे उत्तर मिळाले. म्हणून मी करारपत्राच्या मागील बाजूचा बारीक मजकूर नीट वाचला, तेव्हा मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी आणि एकही दावा केलेला नसल्यास करार रद्द करता येतो, असे कलम सापडले. त्या कलमाचा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील लिहून, रद्द केलेला धनादेश जोडून मी अर्ज नाशिक रोडहून स्पीड पोस्टाने पाठवला आणि पावती जपून ठेवली. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही, म्हणून ही पावती फार मोलाची.

तीन आठवडे उत्तर आले नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर नवव्या दिवशी प्रक्रिया शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम खात्यात जमा झाली.