बातमीदाराची कथा कुठे फसते? या चुका टाळा

आधी सुरुवात तपासा. कोण, काय, कुठे, कधी हे सगळं इंट्रोमध्येच, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच, सांगायची आपल्याला बातमीदारांना सवय असते, कारण जागा कमी पडली की संपादन करणाऱ्या डेस्कवर बातमीची कॉपी खालून कापतात. कथा खालून कुणी कापत नाही. '१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे २.५ लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला' हे पहिलंच वाक्य असेल, तर वाचक पुढे कशासाठी जाईल? त्यापेक्षा लालबागच्या चाळीतली बाई पहाटे सवयीने डबा करायला उठू दे आणि आज डबा द्यायचाच नाही हे तिला आठवू दे. संपाचा आकडा नंतर आला तरी चालतो, नाही आला तरी चालतो.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे 'अहो, पण हे खरंच असं घडलंय!' हा बचाव. बातमी खरी असली की काम भागतं. कथेत मात्र ते माणूस असं का वागलं हे वाचकाला आतून पटावं लागतं. आपण बहुतेकदा घटना उरकल्यावर पोहोचतो आणि पंचनामा, जबाब गोळा करतो. कथा लिहिताना आपण पोहोचण्याआधीचे तास लिहा. तिथे कात्रणं उपयोगी पडत नाहीत, कल्पनेलाच राबावं लागतं.

पात्रं पत्रकार परिषदेत बसल्यासारखी बोलतात का? प्रश्नाला थेट उत्तर, तेही पूर्ण वाक्यात? मुलाखतीचं जुनं रेकॉर्डिंग काढा आणि छापताना गाळलेला भाग ऐका. अडखळणं, विषय टाळणं, मध्येच चहाचं विचारणं, खरं बोलणं तिथे असतं.

ओळखीच्या मंत्र्याचं फक्त नाव बदलून त्याला कथेत बसवू नका. अब्रुनुकसानीची भीती आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे वाचक 'हा कोण?' हेच ओळखत बसतो. अरुण साधू मुरलेले पत्रकार होते. तरीही 'सिंहासन'मधला मुख्यमंत्री कुणावर बेतलाय, याची कल्पना नसलेला वाचकही त्या कादंबरीत गुंततो. दोन-तीन माणसं एकत्र करा, हेतू बदला.

दोन्ही बाजू समतोल मांडायची शिस्तही कथेत सोडा. पात्राला काहीतरी जिवापाड हवं असलं पाहिजे.

नोकरी सांभाळून लिहीत असाल, तर कथेचं पान ऑफिसला जाण्याआधी लिहा. दिवसभर बातम्या केल्यावर रात्री हात पुन्हा इंट्रोच लिहितो.